उणे दोनचा लॉग

“लॉग टेबल कुणी पाहिलं आहे?” गणिताच्या मास्तरांनी इंग्रजीत विचारलं, आणि मी हात वर केला.

त्या शाळेत माझी नऊ वर्षं झाली होती. तोवर कधी आपणहून हात वर केला नव्हता. त्या दिवशी केला, कारण उत्तर खरंच माहीत होतं. बावीस मुलींत माझा एकटीचा हात. मास्तरांनाही नवल वाटलं असावं. म्हणाले, “उभी राहा. सांग.”

मी सांगितलं. आलापल्लीच्या लाकूड डेपोत बाबूजवळ असतं, सर. जाड पुठ्ठ्याचं, मळकं. लाकडाची गोलाई आणि लांबी मोजली की बाबू त्यात बोट फिरवतो आणि किती घनफूट ते सांगतो. माझे वडील तिथंच काम करतात.

वर्ग हसला. मागच्या बाकांवरून हसू सुरू झालं आणि पुढे येत गेलं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी मुलींचं हसणं पुरतं होऊ दिलं. मग फळ्याकडे वळता वळता म्हणाले, “जंगलातून आणलं की असं होतं. ही मुलगी गणिताच्या तासाला लाकडं मोजायला बसली आहे.”

बस म्हणाले नाहीत. तास संपेपर्यंत मी उभीच. फळ्यावर त्यांनी लिहिलं, शंभर म्हणजे दहाचा दुसरा घात, म्हणून शंभराचा लॉग दोन. हजाराचा तीन. मी वही डाव्या हातावर धरून उभ्यानेच उतरवून घेतलं. अक्षरं खाली घसरत गेली. ती वही अजून आहे. मी ती उघडत नाही.

डेपोत सागाच्या ओंडक्याला लॉगच म्हणतात. साहेबांचा शब्द, तो हमालांच्या तोंडात बसला. ‘लाग फिरव’, ‘लाग खाली घे’. सातव्या वर्षी मिशनच्या बाईंनी मला चांद्याच्या या इंग्रजी शाळेत आणलं, फुकट वसतिगृहात ठेवलं, तेव्हा घरून आणलेला तो माझा एकच इंग्रजी शब्द होता. तोच सांगायला उभी राहिले होते.

आम्ही गोंड. घरी गोंडी, डेपोत झाडीची मराठी बोली, शाळेत इंग्रजी. छापील मराठी मी वाचनालयातल्या पुस्तकांतून शिकले. म्हणून मी लिहिते तशी बोलत नाही. खरं तर बोलतच नव्हते. बोललं की कळतं, ही कुठली.

त्या दिवसापासून माझं नाव लॉग. जेवणाच्या रांगेत, “लॉगला भात वाढा.” प्रार्थनेला उशीर झाला की, “लॉग वाहून आणायला बैलबंडी पाठवा.” मी ओ देऊ लागले. हे लिहायला जड जातं, पण लिहिते. कुणी हाक मारली, लॉग, आणि मी मान वळवली. रोज वळवली.

सुलोचना मला कधी तसं म्हणाली नाही. ती माझ्या शेजारी बसे. तिचे वडील जंगल खात्यात मोठे अधिकारी, डेपोसुद्धा त्यांच्याच हाताखाली. म्हणजे माझा बाप त्यांच्या हाताखालच्या हाताखालचा. ती खरंच चांगली मुलगी होती. मला पेन्सिल द्यायची. एकदा हळूच म्हणाली, “मनाला लावून घेऊ नकोस गं. तुम्हा लोकांना हे जड जाणारच.” मी तिला थँक यू म्हटलं.

पुढे चार महिने मी लॉग टेबल उघडलंच नाही. शाळेने प्रत्येकीला ती पातळ पुस्तिका दिली होती. माझी पेटीच्या तळाशी, परकराखाली. गणिताचा तास आला की नजर बाकावर. बीजगणित गेलं, भूमितीही त्याच्यामागे गेली. सहामाहीत जेमतेम निभावलं.

मग मला ताप आला. वसतिगृहाच्या आजारी खोलीत मी एकटी. तिथं वाचायला काही नव्हतं, म्हणून ती पुस्तिका मागवली. बघायला कुणी नाही म्हटल्यावर उघडली. दोनसमोर लिहिलं होतं तीन हजार दहा. पाचसमोर सहा हजार नऊशे नव्वद. दशांशचिन्ह सोडून मी दोघांची सहज बेरीज केली. बरोबर दहा हजार. म्हणजे पूर्ण एक. आणि दोन पाचे दहा. दहाचा लॉग एक.

मी पुन्हा केली. मग दोन आणि चारसमोरच्या आकड्यांची बेरीज करून आठसमोर पाहिलं. जुळली. गुणाकार त्या पुस्तिकेत शिरला की बेरीज होऊन बाहेर येत होता. अंगात ताप होता आणि मी हसत होते. दाई आत आली तेव्हा पुस्तिका उशीखाली लपवली. का लपवली? गणित येणं हीसुद्धा चोरी वाटत होती.

बरी झाल्यावर पुस्तकातली लॉगची सगळी समीकरणं मी सोडवली. स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसून, भाजी निवडायच्या वेळात. मास्तरांना विचारलं एकदाही नाही. इतर गणित मागे पडलं होतं ते पडलंच. हे एक मात्र येऊ लागलं.

मॅट्रिकच्या आधी शाळेची टेस्ट परीक्षा असते. टेस्ट पास झाली तिचाच फॉर्म बोर्डाला जातो. माझा फॉर्म गेला नाही तर काय, ते मला आधीच सांगून ठेवलं होतं. वसतिगृहातली जागा मार्चपर्यंत. नंतर मिशनच्या दवाखान्यात आयाचं काम.

गणिताला पास व्हायला पस्तीस लागत. मला एकतीस मिळाले.

पेपर हातात आला तेव्हा आधी मी लॉगचाच प्रश्न पाहिला. आठ गुणांचा. x चा लॉग अधिक x वजा तीनचा लॉग बरोबर एक, तर x ची किंमत काढा. मी काढली होती. दोन किमती निघतात, पाच आणि उणे दोन. पाच ठेवली. उणे दोनवर रेघ मारून लिहिलं होतं, ही चालत नाही, कारण ऋण संख्येला लॉग नसतो. मास्तरांनी ते वाक्य लाल शाईने कापलं होतं. बाजूला शेरा: अर्धं उत्तर. आठपैकी तीन.

सुलोचनाच्या पेपरात दोन्ही किमती होत्या. आठपैकी आठ.

मी दोन्ही पेपर शेजारी शेजारी पाहिले. माझं बरोबर होतं. हे मला ठाऊक होतं, जसं स्वतःचं नाव ठाऊक असतं. पाच गुण मिळाले असते तर छत्तीस झाले असते. मी पेपर घडी करून वहीत ठेवला आणि गप्प बसले. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेसनी, माझ्या बापाला बोलावणं पाठवलं.

बा आला तो लाकडाच्या ट्रकवर बसून बल्लारशापर्यंत, तिथून पायी. आम्ही बीजगणिताच्या तासाला होतो. तो कचेरीत न जाता सरळ वर्गाच्या दारात आला. डेपोची खाकी हाफपँट, खांद्यावर टॉवेल, हातात वहाणा. वहाणा त्याने फाटकातच काढून हातात घेतल्या असणार. मला पाहून त्याचं तोंड उजळलं. मास्तरांना म्हणाला, “जोहार साहेब.”

मास्तरांनी त्याला दारातच थांबवलं. आत ये नाही, जा नाही. वर्गाकडे एकदा पाहून घेतलं आणि मराठीत विचारलं, “काय रे, पोरीला लॉग तूच शिकवलास का?”

बाला वाटलं, साहेब माझं कौतुक करतात.

“हो साहेब,” तो म्हणाला. “ल्हानी होती तवा डेपोतच राहे. लागावरचे नंबर वाचे. लय हुशार हाय पोरगी.”

वर्ग फुटला. बाकांवर हात आपटून हसल्या मुली. बा आधी गोंधळला. मग तोही हसू लागला. साहेबांच्या घरच्या पोरी हसताहेत म्हणजे काहीतरी चांगलंच चाललं असेल, असं. वहाणा छातीशी धरून, मान हलवत हसला.

आणि मी हसले.

हे कुणाला सांगितलेलं नाही. मी हसले. तोंडावर हात ठेवून, बाजूला सुलोचना हसत होती तशीच. त्या क्षणी मला बावीस जणींतली व्हायचं होतं. दारातल्या माणसाची व्हायचं नव्हतं. बाची नजर माझ्यावर होती. त्याचं हसणं थांबलं, माझं नंतर थांबलं.

मास्तरांनी मला त्याच्याबरोबर व्हरांड्यात पाठवलं. “सांग त्याला, तू नापास झालीस. तुमच्या भाषेत सांग.”

व्हरांड्यात बा खांबाला टेकून बसला. मी उभीच राहिले. तो म्हणाला, “त्या पोरी काऊन हासल्या, बाई?”

“असंच.”

“तू बी हासली.”

त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. “नापास काऊन झाली?” म्हणाला. “येत नोयतं?”

“येत होतं.”

“मंग?”

मी सांगू लागले. गोंडीत सुरू केलं आणि शब्द पुरेनात. झाडीच्या बोलीत आले. म्हटलं, एक हिशेब असतो बा. तो केला की दोन उत्तरं निघतात. दोन्ही रीतीनंच निघतात. पण त्यातलं एक खोटं असतं. ते मूळ सवालात परत टाकून पाहिलं की टिकत नाही. मी खोटं टाकून दिलं. सरांना दोन्ही पाहिजेत.

मला वाटलं होतं, त्याला काही कळणार नाही. तसं वाटलं होतं याचीही आता लाज वाटते.

“मापात तं पोकळ लाकूडबी बसते,” बा म्हणाला. “गोलाई बराबर, लांबी बराबर. बाबू लिवून टाकते. पण मी हातोड्यानं ठोकून पायतो. बद्द वाजलं का सरकारी शिक्का नाई मारत.”

“आणि साहेब म्हणाला मार, तर?”

“म्हणला ना एक डाव. नाई मारला. मंग चार महिने त्यानं मले कुपात, आत जंगलात, झाडं तोडाले धाडलं.” त्याने हे असं सांगितलं, जसं गेल्या साली पाऊस कमी झाला सांगावं. मग माझ्याकडे पाहून विचारलं, “तू सांगतलं का मास्तरले, का हे खोटं हाय म्हणून?”

“नाई.”

“काऊन?”

मी त्याच्या हातातल्या वहाणांकडे पाहिलं.

“मले तुमचं येत नाई, बाई,” तो म्हणाला. “तुले येते.”

एवढंच. आवाज चढवला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

मी वर्गात परत गेले. बसले नाही. वहीतून पेपर काढला, पुस्तिका काढली आणि मास्तरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. मास्तर म्हणाले, “काय म्हणतात लॉगसाहेब?”

त्या वर्गात मराठी बोलायला बंदी होती. बोललं तर बाकावर उभं राहायचं. दारात बा येऊन उभा होता. मी इंग्रजीत वाक्य जुळवलं होतं, चांगलं, व्याकरणाला धरून. ते गिळलं.

“सर, यातून मले उणे दोनचा लॉग काढून द्या.”

‘मले’ ऐकून मुली खिदळल्या. मास्तर म्हणाले, “इंग्रजीत बोल.”

“नाई सर. माहा बाप उभा हाय. त्याले समजलं पायजे.”

मास्तरांनी खडू उचलला. चिडले होते, पण रीत सोडली नाही. फळ्यावर लिहिलं, उणे दोन आणि त्यातून तीन गेले, उणे पाच. मग म्हणाले, “उणे दोन गुणिले उणे पाच किती? दहा. दहाचा लॉग किती? एक. उजवीकडे किती आहे? एक. काय चुकलं?”

“गुणाकार तुमी मागून केला,” मी म्हटलं. “सवालात दोन लॉग अलग अलग हायेत. आधी उणे दोनचा काढा. मंग उणे पाचचा काढा. मंग मिळवा. दोघं आपापले उभे राह्यले पायजेत, तवाच बेरीज.”

मी पुस्तिका पुढे धरली. मास्तरांनी ती घेतली नाही.

तेव्हा मागे पान उलटल्याचा आवाज आला. एक. मग आणखी. मुली आपापल्या पुस्तिका काढून शोधत होत्या. एवढ्या मुली पानं उलटत होत्या, पुढे, मागे, पुन्हा पुढे. खिदळणं बंद झालं होतं. मी पाठमोरी होते, मला फक्त पानं ऐकू येत होती. मग सुलोचनाचा आवाज, स्वतःशीच बोलल्यासारखा.

“नाहीये.”

मास्तरांचा चेहरा मी पाहिला. त्यांना कळलं होतं. मला वाटतं, पेपर तपासून झाल्यावरच कधीतरी आपली चूक त्यांच्या लक्षात आली असेल आणि कापलेलं पुन्हा जोडणं त्यांना नको असेल. तेही माझ्याकडून. त्यांनी खडू खाली ठेवला.

“मराठी बोललीस,” ते म्हणाले. “बाकावर उभी राहा.”

मी राहिले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तिथून बाचं डोकं माझ्या खाली दिसत होतं, केस मधून विरळ झालेले. ते मला माहीत नव्हतं.

आवाजाने मोठ्या बाई आल्या. मास्तरांनी त्यांना इंग्रजीत सांगितलं, शांतपणे, की मुलीने उद्धटपणा केला आहे, पण बाप इतक्या लांबून आला आहे, गरीब माणूस आहे. “मी तिला चार गुण कृपा म्हणून देतो. पास होईल. फॉर्म जाऊ दे.” त्यांनी पेपर घेतला, आकडा लिहायला लाल पेन उघडलं. बाईंच्या जिवात जीव आला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “थँक यू म्हण.”

एक शब्द. सुलोचनाने समजूत घातली तेव्हा म्हटला होता तोच. तो म्हटला की फॉर्म, मॅट्रिक, पुढचं सगळं. न म्हटला की दवाखान्यातली फडकी. माझ्या तोंडात तो आलाही होता. नऊ वर्षं तोच शिकवला होता मला.

“कृपा नको,” मी म्हटलं. आधी इंग्रजीत, बाईंना. मग बापाकडे पाहून, “मले दान नाई पायजे. उत्तर बराबर हाय. बराबर हाय म्हणून लिवा, आन पाच गुण द्या.”

मास्तरांनी पेनला टोपण लावलं.

“मग नको,” ते म्हणाले आणि पेपर मला परत दिला.

माझा फॉर्म गेला नाही. बाईंनी दवाखान्याचं विचारलं, मी नाही म्हटलं. त्याच दुपारी बाने माझी पेटी खांद्यावर घेतली आणि आम्ही निघालो. वर्गाच्या खिडक्यांत मुली होत्या. कुणी लॉग म्हणून हाक मारली की नाही, मला ऐकू आलं नाही. आली असती तरी मी मान वळवली नसती. ती सवय मी तिथंच सोडली.

याला पाच महिने झाले. मी आलापल्लीला आहे. मॅट्रिकला बाहेरून बसता येतं, पण फॉर्मवर एखाद्या मान्य शाळेच्या मुख्याध्यापकाची सही लागते. मी मोठ्या बाईंना पत्र लिहिलं. उत्तर लगेच आलं, प्रेमळ होतं. सही आनंदाने देते म्हणाल्या, फक्त आधी मास्तरांना माफीच्या दोन ओळी लिही. त्या ओळीही त्यांनीच तयार करून सोबत पाठवल्या होत्या. इंग्रजी फार सुरेख आहे. मी खाली नाव तेवढं घालायचं.

बाने विचारलं, कागदात काय हाय. मी वाचून दाखवलं, त्याच्या बोलीत. तो ऐकून उठला. कामावर गेला.

तो कागद मी फाडला. सही देणाऱ्या शाळा आणखी आहेत. मूलला आहे, नागभीडलाही असेल. एकेका दाराशी जाईन. दारात उभं ठेवलं तर उभी राहीन, पण माझा पेपर उघडून दाखवीन, मी काय लिहिलं होतं आणि त्यावर कुणी रेघ मारली. या साली सही मिळाली नाही तर पुढच्या साली जाईन.

माफी मला मागायचीच आहे. एका माणसाची. त्याच्यावर हसले होते. तो रोज समोर बसून जेवतो, मी वाढते, आणि माझी जीभ हलत नाही. इंग्रजीत तो शब्द मला दहा तऱ्हांनी म्हणता येतो. गोंडीत येत नाही. सातव्या वर्षी मला इथून नेलं, तेव्हा माफी मागण्याजोगं काही मी केलं नव्हतं, म्हणून शिकलेच नाही.

उद्या सकाळी आईला विचारणार आहे, चुकलं म्हणायला आपल्यात काय म्हणतात. ती विचारील, कुणाला म्हणायचंय. सांगेन. काय केलं तेही सांगेन. मग त्याच्यासमोर जाऊन म्हणेन, त्याच्याकडे बघून.

मास्तरांना एक ओळसुद्धा देणार नाही.